महेशमूर्तीसमोरची माणसं कुठे जातात?

घारापुरीच्या महेशमूर्तीचे जे फोटो पुस्तकांत, कॅलेंडरांवर आणि पर्यटनाच्या पोस्टरांवर दिसतात, त्यांत मूर्तीसमोर सहसा कोणीही नसतं. सुमारे २० फूट उंच दगड, तीन चेहरे, मिटत आलेले डोळे आणि भोवती काळोख. बघणाऱ्याला वाटावं, त्या दिवशी बेटावर फोटोग्राफर आणि महादेव असे दोघेच होते. आता एखाद्या रविवारी अकराच्या सुमारास स्वतः तिथे उभे राहा. शाळेची सहल रांगेत येते आणि मूर्तीपाशी पोचली की रांग मोडते. कोणी पोराला खांद्यावर घेऊन मूर्तीकडे पाठ करून उभा असतो. गाईड हात वर करून अघोर कोणता, वामदेव कोणता हे समजावत असतो आणि नेमका त्या हाताआड वामदेव झाकला जातो. पिवळ्या टोप्यांचा ग्रुप गेला की लाल टोप्यांचा येतो. मूर्तीचा प्रत्येक भाग कधी ना कधी दिसतो, पण सगळी मूर्ती एका वेळी काही दिसत नाही.

तरी परतीच्या लाँचमध्ये शेजारचा प्रवासी मोबाईलवर बोट फिरवतो आणि लाल टोप्या नाहीशा होतात. कौतुक माणसं जाण्याचं करतात सगळे. मला नवल वाटतं ते त्यांच्या जागी उगवलेल्या दगडाचं. तो आला कुठून?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात मोठी अडचण आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक खाने असतात आणि प्रत्येक खाना आपल्या दिशेने आलेला प्रकाश तेवढा मोजतो. लाल टोपीवरून परतलेला प्रकाश तिथे पोचला, तेव्हा टोपीमागच्या दगडाचा प्रकाश टोपीच्या पलीकडेच अडला. फोटोच्या फाइलमध्ये तो दगड कुठेही दडून बसलेला नाही. खणून काढावा तर खणायला जागाच नाही. म्हणजे तो बाहेरून आणावा लागणार. आणि आणायच्या जागा दोनच आहेत: त्याच ठिकाणचा दुसरा एखादा क्षण, नाहीतर कोणाचा तरी अंदाज. माणूस गायब करण्याच्या सगळ्या युक्त्या या दोहोंपैकी एका वाटेने जातात. पडद्यावर दोन्ही वाटांचे फोटो सारखेच रिकामे दिसतात, आणि घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

पहिली वाट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमध्ये खिडकीतून ‘बुलव्हार द्यु ताँप्ल’ या रस्त्याचा फोटो घेतला. भर दिवसा, घोडागाड्यांच्या वर्दळीचा रस्ता. फोटोत मात्र घोडा नाही, गाडी नाही, चिटपाखरू नाही. चांदीच्या मुलाम्याच्या त्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. त्या वेळात प्रत्येक गाडी कुठल्याही एका जागी क्षणभरच होती. तेवढ्या प्रकाशाने पत्र्यावर काही खूणच पडली नाही. घरं आणि झाडं जागची हलली नाहीत, म्हणून ती उमटली. कोपऱ्यात एक माणूस तेवढा दिसतो. तो बूट पॉलिश करून घेत होता. एक पाय वर ठेवून बराच वेळ स्थिर उभा राहिला, म्हणून वाचला. माणसाचा पहिला फोटो म्हणून हा फोटो ओळखला जातो. मला वाटतं तो गर्दी पुसली गेलेला पहिला फोटोसुद्धा आहे, आणि पुसायचं तर कोणाच्या मनातही नव्हतं.

मुंबईत ही कला फार लवकर पोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या हौशी मंडळींपैकी. तेव्हा काचेची प्लेट ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवावा लागे. म्हणजे समुद्र ओलांडून घारापुरीला जायचं तर काचा, रसायनं आणि काळोख करायचा तंबू असा सगळा संसार लाँचमध्ये, त्या काळी मचव्यात, चढवावा लागणार. लेण्यात उजेड कमी, म्हणून प्लेट बराच वेळ उघडी ठेवावी लागणार. इतक्या वेळात चालता माणूस आपोआप नाहीसा होणार. त्यामुळे जुन्या लेण्यांच्या फोटोंत जो माणूस दिसतो, तो बहुधा मुद्दाम बसवलेला असतो: खांब केवढा आहे ते कळावं म्हणून खांबाशी उभा केलेला, हलू नकोस असं बजावलेला.

त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने नेमका उलटा उद्योग केला होता. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे फोटो त्याने दोन खंडांत काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली, मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा. कात्रीने माणसं कापून मुंबईच्या देखाव्यांवर डकवली आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो घेतला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या बंदरात माणसं फोटोत आणून बसवणं चालू होतं. आता काढून टाकणं चालू आहे. कात्री तेवढी बदलली.

आज चांगला कॅमेरा उजेडात फोटो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात घेतो, म्हणून गर्दी गोठून पकडली जाते. दागेरचा संथपणा परत आणायचा तर लेन्सवर काळी काच चढवतात. सर्वांत वापरातली दाट काच प्रकाश सुमारे हजारपट कमी करते. सेकंदाच्या साठाव्या हिश्शाचं काम मग सोळा-सतरा सेकंद चालतं. पण या उपायाला स्टँड हवा आणि संरक्षित स्मारकात स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. शिवाय सोळा सेकंदांत पांढरा शर्ट पूर्ण पुसला जात नाही, त्याचं धुकं मागे राहतं.

यापेक्षा कितीतरी सुंदर युक्ती आपल्या शाळेच्या गणिताच्या पुस्तकात पडून आहे. नववी-दहावीला सांख्यिकीत मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतात. परीक्षा झाली की मध्यकाचं तोंड पुन्हा कोणी बघत नाही. त्याचा उपयोग इथे बघा.

एकाच जागी उभं राहून महेशमूर्तीचे नऊ फोटो घेतले, मध्ये थोडा थोडा वेळ जाऊ देऊन. आता मधल्या चेहऱ्याच्या खालच्या ओठावरचा एकच पिक्सेल घ्या आणि नऊ फोटोंत त्याची उजळता काय आहे ते लिहा. शून्य म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. समजा आकडे असे आले: ९६, ९७, ९५, २१२, २०८, ९८, ९६, ९७, ९५. सात वेळा दगड दिसतोय. दोन वेळा पांढरा शर्ट मध्ये आलाय. सरासरी काढली तर १२२ येते, म्हणजे दगडही नाही आणि शर्टही नाही, ओठावर फिकट डाग. जुन्या फोटोंत भुतासारखी दिसणारी माणसं ती हीच. आता सरासरी सोडा आणि आकडे चढत्या क्रमाने लावा: ९५, ९५, ९६, ९६, ९७, ९७, ९८, २०८, २१२. बरोबर मधला, पाचवा आकडा उचला. ९७. हा निखळ दगड आहे. शर्टाचे दोन आकडे रांगेच्या टोकाला उभे राहिले आणि त्यांच्या मताला काही किंमतच उरली नाही. ग्रामसभेत दोघं कितीही मोठ्याने ओरडले तरी हात मोजले की ठराव बाकीच्यांचा होतो, तसंच हे आहे.

हेच प्रत्येक पिक्सेलसाठी करायचं, एका फोटोत एक कोटी वीस लाख पिक्सेल असतील तर तेवढ्या वेळा. संगणकाला काही सेकंद लागतात. जो फोटो तयार होतो त्यातला एक ठिपका पहिल्या फोटोतला, शेजारचा सातव्यातला, त्याच्या खालचा तिसऱ्यातला. अशी रिकामी मूर्ती त्या दिवशी कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हती. पण त्यातला प्रत्येक ठिपका कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला आहे. मला ही गोष्ट जादूपेक्षा मोठी वाटते.

यात आणखी एक मजा आहे. काळे कपडे रांगेच्या एका टोकाला जातात, पांढरे दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या करड्या दगडाला दोन्हीकडून संरक्षण मिळतं. म्हणून रंगीबेरंगी गर्दी या पद्धतीला फार छळत नाही. करड्या शर्टातला माणूस मात्र त्रास देतो.

फोटो किती घ्यायचे? समजा एखाद्या ठिकाणी दर पाच क्षणांपैकी एका क्षणी कोणीतरी आडवं येतं. नऊ फोटोंत त्यांचं बहुमत व्हायची शक्यता साधारण शंभरात दोन. एकवीस फोटो घेतले तर तीच शक्यता हजारात एकाच्या आसपास येते. नुसते बारा फोटो वाढवले आणि चुका वीसपट घटल्या. अट एकच: माणसं हलली पाहिजेत. पंधरा मिनिटं मूर्तीच्या पायथ्याशी बूड टेकून बसलेले आजोबा कोणत्याही मध्यकाला बधणार नाहीत, कारण त्या जागी बहुमत त्यांचंच आहे. दागेरच्या फोटोत बूट पॉलिश करून घेणारा वाचला, त्याच कारणाने हे आजोबाही वाचतात.

हीच पद्धत उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर वापरून बघितली की तिच्या मर्यादा कळतात. माणसं जातात, पण लाटाही जातात. लाट एका जागी थांबत नाही, म्हणून समुद्र दुधाच्या सायीसारखा सपाट होतो. सुरूच्या फांद्या वाऱ्याने हलतात, त्यांचे शेंडे विस्कटतात. संध्याकाळची लांब सावली मात्र माणसाबरोबर चालते, म्हणून ती सुद्धा त्याच्याबरोबर निघून जाते. लेण्यात लाटा नाहीत, वारा नाही. दगड हलत नाही. माणसं काढायला घारापुरीसारखी जागा नाही.

स्टँड नसला तर हात हलतो, त्याचाही बंदोबस्त आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ठळक कोपरे शोधतं, म्हणजे मुकुटावरच्या नक्षीचं टोक, नाकपुडीची कड, भिंतीवरची खाच, आणि हे कोपरे एकमेकांवर येईपर्यंत फोटो सरकवतं, फिरवतं, किंचित ताणतं. फोटोशॉपमध्ये मध्यकाची ही सोय २००७ पासून आहे. इमेजमॅजिकसारखी फुकट सॉफ्टवेअरंही मध्यक काढतात. पावलं मात्र जागची हलवू नयेत. तुम्ही हातभर बाजूला सरकलात की जवळचा खांब आणि मागची भिंत वेगवेगळ्या अंतराने सरकतात आणि मग जुळवणी फसते.

आता दुसरी वाट. हातात एकच फोटो आहे, मध्ये लाल टोपी आहे, दुसरा क्षण उपलब्ध नाही. इथे अंदाज सुरू होतो.

अंदाजाने भोक भरण्याचं शास्त्र चित्रं दुरुस्त करणाऱ्यांकडून आलं. जुन्या चित्राचा पोपडा उडाला की ते कडेच्या रेषा आत ओढत नेतात आणि मधली जागा रंगवतात. २००० साली मार्सेलो बर्तालमिओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे काम गणिताच्या समीकरणात बसवलं: भोकाच्या काठावर जिथे उजेड-अंधाराची रेघ येऊन तुटते, ती त्याच दिशेने आत चालू ठेवायची. पुढच्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं की यासाठी नवं समीकरण शोधायची गरज नाही. पाणी आणि हवा कशी वाहते हे सांगणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणं एकोणिसाव्या शतकापासून तयार आहेत. फोटोतला उजेड हा प्रवाह मानला, तर तो काठावरून भोकात वाहत जातो आणि ते भरून काढतो. विमानाच्या पंखाभोवतीची हवा आणि करंज्याच्या खाडीतलं पाणी ज्या गणिताने समजतं, त्याच गणिताने फोटोतली लाल टोपी बुजते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

हे समीकरण बारीक ओरखडे झकास भरतं. माणसाएवढं भोक असलं की सगळं लिंपल्यासारखं गुळगुळीत होतं, कारण दगडाचा खरबरीतपणा समीकरणाला ठाऊक नसतो. त्यावर उपाय निघाला उसनवारीचा. फोटोतलाच दुसरीकडचा दगड उचलायचा आणि भोकात डकवायचा. कोणता तुकडा शोभेल हे ठरवायला लाखो तुकडे एकमेकांशी ताडून बघावे लागतात आणि त्यात संगणकाचाही घाम निघतो. २००९ साली ‘पॅचमॅच’ नावाच्या पद्धतीने यावर कमालीची साधी तोड काढली. आधी प्रत्येक तुकड्याला आंधळेपणाने कोणताही जोडीदार द्यायचा. लाखो तुकड्यांत काहींना तरी नशिबाने चांगला मिळतोच. मग ज्याला चांगला मिळाला त्याच्या शेजाऱ्याने त्या जोडीदाराच्या शेजारी शोधायचं. दगडाच्या शेजारी दगडच असतो, म्हणून चांगली जोडी भराभर पसरत जाते. चार-पाच फेऱ्यांत काम फत्ते. २०१० साली ही युक्ती फोटोशॉपमध्ये आली आणि माणसं पुसणं हे स्टुडिओतल्या टचिंगवाल्याच्या ब्रशमधून घरोघरच्या संगणकावर गेलं.

फोटोशॉपचं कूळही सहलीच्या फोटोतच आहे. १९८७ साली जॉन नॉलने बोराबोरा बेटाच्या किनाऱ्यावर आपल्या होणाऱ्या बायकोचा पाठमोरा फोटो काढला आणि भाऊ थॉमसबरोबर केलेलं नवं सॉफ्टवेअर लोकांना दाखवताना तोच फोटो वापरला. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, पण त्यावर फेरफार झालेला पहिला गाजलेला फोटो हा असा किनाऱ्यावरचा.

पॅचमॅचच्याही आधी दगड कुठून आणायचा याची हद्द संपली होती. २००७ मध्ये जेम्स हेज आणि अलेक्सेई एफ्रॉस यांनी इंटरनेटवरच्या वीस लाखांहून जास्त फोटोंतून भोकाला शोभेल असा तुकडा शोधून आणला. त्यानंतरच्या दशकात मशीनला तुकडे जपून ठेवायचीही गरज उरली नाही. लाखो फोटोंतले मुद्दाम भाग झाकायचे, ते भरायला लावायचे, चूक मोजायची आणि आतले आकडे थोडे सुधारायचे. असं करत करत भिंत, गवत, आकाश, खांब कसे असतात याचा मशीनला सराव होतो. २०१६ मधल्या अशा एका पहिल्या महत्त्वाच्या कामात पहिलं नाव दीपक पाठक यांचं, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल फोनमध्ये ‘मॅजिक इरेझर’ आणलं, २०२४ मध्ये ॲपलने ‘क्लीन अप’. आता ही विद्या उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

फोन तर स्वतःहून सुचवतो की ही मागची माणसं काढू का. नको असलेला कोण हे त्याने कसं ठरवलं? आधी माणसांच्या आकृत्या ओळखल्या, मग मोठी, मधोमध, स्पष्ट ती आपली आणि लहान, कडेची, धूसर ती परकी. यात घारापुरीला एक अडचण आहे. चेहरा ओळखायची जुनी, २००१ सालची गाजलेली पद्धत डोळ्यांची जागा गालांपेक्षा काळी आहे का, नाकाची रेघ डोळ्यांपेक्षा उजळ आहे का, असले साधे फरक बघत असे. नव्या पद्धती जास्त हुशार आहेत, पण उत्तम घडवलेला चेहरा त्यांनाही चेहराच दिसतो. महेशमूर्तीवर कॅमेरा रोखला की पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती चौकोन येतो. सहाव्या शतकातल्या शिल्पकाराला मिळालेली ही दाद आहे. पण कडेचा, काळोखातला, अर्धवट दिसणारा द्वारपाल असला, तर ‘हा मागचा माणूस काढू का’ असं फोन विचारू शकतो. पंधराशे वर्षं उभा असलेला पहारेकरी!

याहून गंभीर गोष्ट आहे ती मोडतोडीची. घारापुरीचं लेणं शाबूत नाही. महेशमूर्ती बरीचशी वाचली, पण नटराजाचे पाय गेले आहेत, आठांतले बरेच हात तुटले आहेत. अर्धनारीनटेश्वराचा खालचा भाग गेला आहे. पोर्तुगीज सैनिकांनी इथे नेमबाजी केली असं सांगतात. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, त्याची मान १८१४ मध्ये ढासळली आणि १८६४ मध्ये तो हत्ती मुंबईला नेला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. फोटोतून नव्हे, बेटावरूनच काढला.

आता नटराजाच्या तुटक्या पायांसमोर कोणी उभा आहे आणि तुम्ही त्याला फोनवर पुसलात. तिथे काय होतं हे मशीनला ठाऊक नाही. तिने पाहिलेल्या लाखो फोटोंत माणसांना पाय असतात, खांब छतापर्यंत पोचतात, भिंती सरळ असतात. नुकसान हा अपवाद असतो आणि सराव नेमक्या अपवादालाच विसरतो. तेव्हा ती कदाचित एक पाय घडवेल, कदाचित खांब पुरा करेल, कदाचित शिल्पाच्या जागी छान दिसणारी कोरी भिंत उभारेल. नव्या पद्धतीत तर निव्वळ ठिपक्यांच्या गोंगाटापासून सुरुवात करून तो पायरीपायरीने साफ करत चित्र काढतात. पुन्हा बटण दाबलं की दुसराच पाय येतो. भिंतीवरचा खरा घाव गेला आणि त्याच्या जागी कधीच नसलेला दगड आला, हे घरी फोटो बघणाऱ्या कोणालाही कळणार नाही.

प्रत्यक्षातली लेणी दुरुस्त करणारे इतके मोकाट नसतात. जिथे खांब कोसळले होते तिथे पुरातत्त्व खात्याने आधार उभारले, पण तिथे नवी नक्षी कोरून जुनी म्हणून खपवण्याचा प्रकार या शास्त्रात पाप मानतात. इटलीत चेझारे ब्रांदी याने गेल्या शतकात चित्रांसाठी नियमच घालून दिला: भरलेली जागा लांबून चित्रात मिसळावी, पण जवळ गेल्यावर भरलेली आहे हे डोळ्यांना कळावं. त्यासाठी तिथे बारीक उभ्या रेघांनी रंग भरत. फोनच्या इरेझरला अशा रेघा नाहीत. फाइलच्या आत ‘एआयने बदल केला’ अशी नोंद ठेवायला आता सुरुवात झाली आहे, पण फोटो व्हॉट्सॲपवरून चार जणांकडे फिरला की असल्या नोंदी बहुधा वाटेतच गळतात.

घरच्या अल्बमात एखादी लाल टोपी गेली तर आभाळ कोसळत नाही. पण नामवंतही यात अडखळले आहेत. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले. २०१६ मध्ये स्टीव्ह मॅकरी यांच्या इटलीतल्या प्रदर्शनात क्यूबाच्या एका फोटोतला खांब भलत्याच जागी चिकटलेला दिसला. मग लोकांनी जुने फोटो धुंडाळले, तर बांगलादेशात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांतला एक पोरगाच पुसलेला निघाला. आपण आता बातमीदार नसून चित्रातून गोष्ट सांगणारे आहोत, अशी सारवासारव त्यांनी केली. मला ती पटली नाही.

आणि घारापुरीला रिकामं दाखवण्याचा हा सोस तरी कशाला? गेटवेवरून येणाऱ्यांना हे बेट मुंबईचं वाटतं, पण ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातलं आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं त्यावर नांदतात. १९८७ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसला, समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. लेण्याच्या पायऱ्यांवर दुतर्फा दुकानं मांडणारी, कैऱ्या-काकड्या विकणारी माणसं याच गावांची. लेणंही कधी रिकामं नव्हतं: पूजेसाठी खोदलं, आणि १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सला मेजवानी दिली तीसुद्धा याच खांबांमध्ये. गर्दी ही इथली अलीकडची घाण नाही. मूर्तीचं शिल्प नीट अभ्यासायचं असेल तर माणसं काढावीत. आपण तिथे गेलो होतो हे दाखवायला काढायची गरज नाही.

काढायचीच असतील तर दगड पहिल्या वाटेने आणा. सकाळच्या पहिल्या लाँचने जा. मूर्तीसमोर दहा-बारा पावलांवर उभे राहा, कोपरं अंगाशी घट्ट धरा, पाय हलवू नका आणि दहा-दहा सेकंदांनी वीसेक फोटो घ्या. आजोबा पायथ्याशी बसले असतील तर त्यांना विनंती करा, ते उठतात. घरी मध्यक काढा. सगळे मूळ फोटो तसेच ठेवा, कारण पन्नास वर्षांनी नातवंडांना महेशमूर्ती कुठेही बघायला मिळेल, लाल टोपीवाले मात्र तुमच्याच फोटोंत असतील. आणि सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी मूर्तीसमोर खरोखरच कोणी नसतं, पण लेणी बंद असतात.